हार्ड डिस्कचं फर्मवेअर खराब झालं तर? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

डेटा रिकव्हरीचं काम करतो त्यामुळे फोनवर फर्मवेअरबद्दल, म्हणजे डिस्कच्या आत असलेल्या आणि तिला चालवणाऱ्या प्रोग्रामबद्दल, रोज हेच प्रश्न येतात, म्हणून म्हटलं सगळे एकदाच नीट लिहून काढू. तुमची डिस्क आत्ता समोर टिकटिक करत चालू असेल तर आधी तिची पॉवर काढा आणि मग निवांत वाचा, वाचायला वेळ लागला तरी डेटा कुठे जात नाही, पण चालू डिस्कवर प्रत्येक मिनिटाला जाऊ शकतो.

फर्मवेअर तर चिपमध्ये असतं ना? मग ते प्लॅटरवर (डेटा साठवणाऱ्या फिरत्या चकतीवर) कसं काय खराब होतं?

बहुतेकांना हेच वाटतं, की मदरबोर्डच्या बायोससारखं काहीतरी हिरव्या पीसीबीवरच्या (सर्किट बोर्डवरच्या) चिपमध्ये आहे आणि ते परत टाकलं की झालं. पण हार्ड डिस्कचं फर्मवेअर दोन ठिकाणी असतं. थोडासा भाग पीसीबीवरच्या आठ पायांच्या छोट्या रॉम चिपमध्ये (काही मॉडेलमध्ये वेगळी चिप नसते, मोठ्या प्रोसेसरच्या पोटातच असतो) आणि बाकीचा मोठा भाग खुद्द प्लॅटरवर, विंडोजला कधीच न दिसणाऱ्या ट्रॅकवर. त्याला आम्ही सर्व्हिस एरिया म्हणतो, नुसतं एसए म्हटलं तरी चालतं.

एसएमध्ये मॉड्यूल असतात. म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या फाइल्सच म्हणा. एकात मॉडेल नंबर आणि सेटिंग, एकात प्रोग्रामचा कोड, एकात स्मार्टचे (डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते ते) लॉग, पासवर्ड टाकला असेल तर तोही इथेच. आणि सगळ्यात महत्त्वाच्या दोन याद्या, पी-लिस्ट आणि जी-लिस्ट. पी-लिस्ट म्हणजे कारखान्यातच सापडलेले खराब सेक्टर (सेक्टर म्हणजे डेटा ठेवायचा छोटा कप्पा), नव्याकोऱ्या डिस्कमध्येही असे असतातच, त्यात काही फसवणूक नाही. जी-लिस्ट म्हणजे तुम्ही वापरायला लागल्यावर जे खराब झाले ते. या याद्या वापरून ट्रान्सलेटर बनतो. कॉम्प्युटर म्हणतो मला सेक्टर नंबर इतका इतका दे, ट्रान्सलेटर ठरवतो की तो कुठल्या हेडखाली (हेड म्हणजे प्लॅटरवरून वाचणारं-लिहिणारं टोक), कुठल्या ट्रॅकवर कितवा आहे. ट्रान्सलेटर गेला की डेटा प्लॅटरवर जसाच्या तसा असतो पण त्याचा पत्ता कोणालाच माहीत नसतो.

फर्मवेअरच गेलंय हे कशावरून कळतं?

डिस्क चालू होते तेव्हा काय होतं ते आधी बघा. पॉवर आली की प्रोसेसर रॉम वाचतो, मोटर फिरते, हेड रॅम्पवरून प्लॅटरवर येतात, मग एसए वाचली जाते, मॉड्यूल मेमरीत चढतात, ट्रान्सलेटर तयार होतो आणि शेवटी डिस्क सांगते की मी रेडी. यातली कुठली पायरी अडली त्यावर लक्षणं ठरतात.

मोटर व्यवस्थित फिरते, आवाज एकदम स्वच्छ, पण बायोसमध्ये डिटेक्टच होत नाही किंवा खूप वेळ अडकून बसते, तर ती बिझी स्टेटमध्ये आहे आणि एसए वाचताना कुठेतरी थांबली आहे असा अंदाज करता येतो. डिटेक्ट होते पण साइझ शून्य दाखवते, तर बऱ्याचदा ट्रान्सलेटरचा प्रॉब्लेम. तुमच्या मॉडेलऐवजी भलतंच नाव येतं, उदाहरणार्थ वेस्टर्न डिजिटलच्या जुन्या काही डिस्क 'रॉम मॉडेल' असं काहीतरी दाखवतात, म्हणजे तिने चिपमधला भाग वाचला पण प्लॅटरवरचा वाचताच आला नाही.

मात्र टक टक टक आवाज येऊन मोटर बंद पडत असेल तर ते बहुतेक हेडचं काम आहे. बहुतेक म्हणतोय कारण हेड चांगले असून रॉम चुकीची असेल तरी डिस्क तशीच वाजते. फोनवर आवाज ऐकून 'तुमचं फर्मवेअर गेलंय, इतके इतके पैसे होतील' असं जो सांगेल त्याच्याकडे डिस्क देऊ नका.

पण मी तर काहीच केलं नव्हतं, मग खराब कसं झालं?

डिस्क तुम्हाला न विचारता एसएमध्ये सतत काही ना काही लिहीत असते, स्मार्टचे आकडे, नवीन बॅड सेक्टर, इव्हेंट लॉग. लिहिता लिहिता लाइट गेली, यूएसबी केबल निघाली, स्वस्तातल्या एसएमपीएसने (कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायने) दगा दिला, की मॉड्यूल अर्धवट राहतं आणि त्याचा चेकसम (मॉड्यूल धड आहे का ते तपासायचा आकडा) जुळत नाही.

पण खरं सांगायचं तर निम्मी गोष्ट ही आहे की फर्मवेअर आपोआप बिघडत नाही, त्याच्यामागे दुसरं कोणीतरी असतं. हेड कमजोर होत आलेला असतो, त्यामुळे सेक्टर वाचता येत नाहीत, डिस्क ते खराब समजून यादीत टाकत सुटते, यादी वाढते, आणि तोच कमजोर हेड ती यादी एसएमध्ये लिहिताना पण चुका करतो. म्हणून डिस्क आली की मी आधी हा प्रश्न विचारतो, फर्मवेअर हा आजार आहे की ताप? तापाची गोळी देऊन हेड बरा होत नाही.

आणि आपल्याकडे आणखी एक कारण, दमट हवा. कोकणातून, गोव्यातून आलेल्या डिस्कचा पीसीबी उलटा केला की जिथे हेडच्या पिना टेकतात ते सोनेरी ठिपके काळे पडलेले दिसतात. डिस्क एसए वाचू शकत नाही, लक्षणं सगळी फर्मवेअरची. साधा पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवला, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, स्क्रू परत घट्ट केले आणि डिस्क एका दमात रेडी, असं माझ्या टेबलवर खूपदा झालंय. म्हणून कुठलंही मोठं मशीन जोडायच्या आधी चार-सहा स्क्रू काढून पीसीबीची मागची बाजू बघायची, ही सवयच लावून घेतली आहे.

दुरुस्ती करता म्हणजे नेमकं काय करता?

याचं उत्तर जरा लांब आहे पण वाचा, कारण पुढच्या सगळ्या प्रश्नांची किल्ली यातच आहे.

पहिलं काम, काहीही लिहायचं नाही. फक्त वाचायचं. रॉम वाचून तिची कॉपी ठेवायची, मग एसएमधली जितकी मॉड्यूल वाचता येतील तितकी सगळी वाचून सेव्ह करायची. यासाठी नेहमीचं सॉफ्टवेअर चालत नाही कारण डिस्कशी कंपनीच्या आतल्या कमांडने बोलावं लागतं. एस लॅबचं पीसी-३००० हे जगभर सगळ्यात जास्त वापरलं जाणारं, चीनचं एमआरटी पण बरेच जण वापरतात. किंमत ऐकून गप्प बसाल, पीसी-३००० लाखांच्या घरात जातं.

एसएच्या साधारणपणे दोन कॉपी असतात आणि त्या वेगवेगळ्या हेडवर असतात, कंपनीने ही सोय केली म्हणून आमचं निम्मं काम होतं. एका कॉपीतलं मॉड्यूल फाटलेलं असेल आणि दुसरीतलं धड असेल तर धड असलेलं घ्यायचं. दोन्ही गेली तर बघायचं की हे मॉड्यूल सगळ्या डिस्कना सारखं आहे का. कोडची मॉड्यूल त्याच फॅमिलीच्या, त्याच फर्मवेअर व्हर्जनच्या डोनर डिस्कमधून (तशाच दुसऱ्या चांगल्या डिस्कमधून) घेता येतात. पण पी-लिस्ट, ट्रान्सलेटर, हेडचे अॅडाप्टिव्ह आकडे (कारखान्यात जुळवून ठेवलेले) हे त्या एका डिस्कचेच असतात, डोनरचे घातले तर डिस्क कदाचित उठेलही पण डेटा म्हणून जे देईल ती नुसती खिचडी.

आता समजा एसए इतकी खराब आहे की डिस्क रेडीच होत नाही. तेव्हा लोडर म्हणजे कोडचा तुकडा थेट डिस्कच्या मेमरीत चढवायचा, प्लॅटरला हात न लावता. किंवा हॉट स्वॅप, डोनर डिस्क चालू करून रेडी करायची, झोपवायची, आणि तिचा चालू पीसीबी तसाच काढून पेशंट डिस्कवर बसवायचा. पॉवर चालू ठेवून पीसीबी हलवायचा असतो, हात थरथरला तर दोन्ही डिस्क जातात, म्हणून सहसा दुसरा कुठला मार्ग उरला नसेल तरच करतो.

एखादा हेड अगदी कमजोर असेल तर मेमरीतल्या हेड मॅपमध्ये तो तात्पुरता बंद करून आधी बाकीच्या हेडचा डेटा काढून घेतो, मग शेवटी त्या कमजोर हेडकडे वळतो. हे सगळं मेमरीत, पॉवर काढली की पुसलं जाणार. माझ्या मते चांगल्या कामाची खूण हीच, की डेटा निघाला आणि प्लॅटरवर एक अक्षरही लिहावं लागलं नाही.

व्हिडिओमध्ये एकाने तीन वायर जोडल्या, दोन कमांड मारल्या आणि डिस्क चालू झाली. मी करून बघू का?

नका करू. का ते सांगतो, कारण नुसतं नाही म्हटलं की लोक घरी जाऊन करतातच.

ही गोष्ट सीगेटच्या बॅराकुडा ७२००.११ पासून सुरू झाली. २००९ च्या जानेवारीत जगभर एकच ओरड झाली की चांगल्या चालणाऱ्या डिस्क रात्री बंद केल्या आणि सकाळी उठल्याच नाहीत. कारण असं होतं की इव्हेंट लॉग गोल गोल फिरून लिहिला जातो आणि त्याची शेवटची हद्द फर्मवेअरमध्ये चुकीची ठेवली गेली होती, लॉगचा काटा ३२० या आकड्यावर असताना पॉवर गेली आणि परत आली की डिस्क बिझीमध्ये अडकायची. प्लॅटर चांगले, हेड चांगले, डेटा सगळा जागेवर. सीगेटने नवीन फर्मवेअर दिलं पण अडकून बसलेल्या डिस्कला ते टाकणार कसं, ती तर बोलतच नव्हती.

मग लोकांनी डिस्कच्या सिरीयल पोर्टवरून मार्ग काढला. सॅटा कनेक्टरच्या (जिथे डेटाची केबल लागते त्याच्या) शेजारी ज्या चार पिना दिसतात त्यातल्या दोन आणि एक ग्राउंड, यूएसबी टीटीएल कन्व्हर्टर (या पिना कॉम्प्युटरच्या यूएसबीला जोडणारा छोटा बोर्ड), स्पीड ३८४००. पीसीबीचे स्क्रू सैल करून आत व्हिजिटिंग कार्डचा तुकडा सरकवायचा म्हणजे संपर्क तुटतो आणि डिस्क एसए वाचायच्या भानगडीत न पडता स्क्रीनवर प्रॉम्प्ट देते, मग कार्ड हळूच ओढून काढायचं, मोटर फिरवायची, स्मार्ट साफ करायचं आणि शेवटी ट्रान्सलेटर परत बनवायची कमांड. त्या मॉडेलला, त्या एका बगला, हा इलाज बरोबर होता आणि घरी बसून कितीतरी लोकांनी डेटा वाचवला, ज्यांनी तो शोधून काढला त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण तीच कमांड आज लोक कुठल्याही सीगेटला मारतात. नंतरच्या डिस्कमध्ये आणखी एक यादी असते, नॉन रेसिडेंट जी-लिस्ट, आणि ट्रान्सलेटर परत बनवताना ती विचारात घेतली गेली नाही की तिथून पुढचे सगळे पत्ते सरकतात.

कराडहून एक ताई डिस्क घेऊन आल्या होत्या. वडील गेले त्या वर्षीचे गणपतीतले फोटो त्यात होते आणि कॉपी दुसरीकडे कुठेच नव्हती. डिस्क शून्य जीबी दाखवत होती म्हणून ओळखीच्या एका मुलाने व्हिडिओ बघून ती कमांड मारली, डिस्क चालू झाली, फोल्डर दिसले, घरात सगळे खुश. मी समोर उघडून बघितलं. फोल्डरची नावं बरोबर, फाइलची नावं बरोबर, साइझ बरोबर, तारखा पण बरोबर. सुरुवातीचे थोडे फोटो उघडले. एक फोटो असा उघडला की वर मखर आणि लाइटच्या माळा, आणि मूर्तीच्या खांद्यापासून खाली सगळं राखाडी. त्याच्यापुढचा एकही उघडला नाही. डेटा त्यांच्या डिस्कवर होता पण प्रत्येक फाइलची सुरुवात काही सेक्टर इकडे तिकडे सरकली होती आणि जुना ट्रान्सलेटर कोणी सेव्ह करून ठेवला नव्हता. नऊ दिवस बसून किती सरकलंय त्याचा हिशोब तुकड्या-तुकड्याने लावला आणि बरेच फोटो काढले, सगळे नाही निघाले. कमांडच्या आधी मॉड्यूलची एक कॉपी घेतली असती तर हे एका दुपारचं काम होतं.

दुसऱ्या डिस्कचा सेम पीसीबी लावला तर?

पूर्वी चालायचं, आता बहुतेक चालत नाही. रॉममध्ये त्या डिस्कच्या हेडचे आकडे असतात, दुसऱ्याची रॉम घेऊन हेड चालवले तर ते एसए नीट शोधूच शकत नाहीत आणि वाजत बसतात. जुन्या पीसीबीवरची आठ पायांची चिप हॉट एअरने काढून नव्या पीसीबीवर बसवावी लागते, किंवा प्रोग्रामरने वाचून तिकडे लिहावी लागते. म्हणून जळालेला पीसीबी कधीही फेकू नका. पुण्यात टापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सेम नंबरचा पीसीबी मिळेल, तुमची रॉम कुठेच मिळणार नाही.

एक्स्टर्नल डिस्कला चुकून लॅपटॉपचा चार्जर लावला, धूर आला. फर्मवेअर उडालं का?

हे इतक्या वेळा होतं की वेगळं लिहावंच लागतं. १२ व्होल्टच्या डिस्कला १९ व्होल्ट गेले, पिन मात्र अगदी फिट बसते. बऱ्याच केसमध्ये फर्मवेअरला काही होत नाही, पीसीबीवर पॉवर कनेक्टरजवळ दोन टीव्हीएस डायोड असतात, एक ५ व्होल्टचा एक १२ चा, ते स्वतः शॉर्ट होऊन बाकीच्या सर्किटला वाचवतात. मल्टीमीटरने तपासून शॉर्ट झालेला डायोड काढला की डिस्क बऱ्याचदा उठते. पण आता तिला संरक्षण उरलेलं नाही, तेव्हा खात्रीच्या पॉवर सप्लायवर लावून लगेच डेटा कॉपी करायचा. धूर प्रोसेसरमधून आला असेल तर मात्र वरचा रॉम ट्रान्सफरचा रस्ता.

डिस्क दिसते, फोल्डर पण दिसतात, पण एक फाइल उघडायला दहा मिनिटं लागतात.

वेस्टर्न डिजिटलच्या बऱ्याच फॅमिलीत हे फर्मवेअरमुळे होतं. डिस्क पाठीमागे संशयित सेक्टर तपासत बसते, ती यादी भरलेली असते आणि प्रत्येक वाचनाच्या आधी तिचं हेच चालू. यावरचा इलाज माहीत असलेला आहे, मॉड्यूल ३२ मधली ती यादी साफ करायची आणि सेटिंगच्या मॉड्यूल २ मध्ये ते पाठीमागचं काम बंद करायचं, दोन्हीची कॉपी आधी ठेवून. मग तीच डिस्क पळायला लागते. पण यादी भरली कशाने हा प्रश्न राहतोच, म्हणून स्पीड आला की लगेच क्लोन (दुसऱ्या डिस्कवर हुबेहूब कॉपी), दुसरं काही नाही.

चेकडिस्क चालवू का? बॅड सेक्टर रिपेअर करणारं सॉफ्टवेअर?

नको. चेकडिस्क फाइल सिस्टिम नीट करतं, डिस्क नाही, आणि मरायला टेकलेल्या डिस्कवर लिहितं. रिपेअरवाली सॉफ्टवेअर एकेका खराब सेक्टरवर तासनतास हेड घासायला लावतात. डिस्क नीट डिटेक्ट होत असेल, आवाज चांगला असेल आणि तुम्हाला लिनक्स जमत असेल तर जीएनयू डीडीरेस्क्यूने दुसऱ्या डिस्कवर क्लोन घ्या, मॅप फाइल (काय कॉपी झालं आणि काय राहिलं त्याची नोंद) ठेवायला विसरू नका, आणि सोर्स व डेस्टिनेशन उलटं होत नाहीये ना ते तीनदा बघा. स्पीड एकदम पडला किंवा आवाज बदलला तर तिथेच थांबा. फ्रीझरमध्ये पण ठेवू नका, बाहेर काढली की आत पाणी धरतं.

नवीन पातळ एक्स्टर्नल डिस्कचं काम महाग का सांगता?

तीन कारणं. एक, यूएसबीचा पोर्ट थेट पीसीबीवर असतो, सॅटा नाहीच, त्यामुळे आधी सॅटाचा पीसीबी शोधून त्यावर रॉम न्यावी लागते. दोन, बऱ्याच मॉडेलमध्ये तुम्ही पासवर्ड ठेवला नसला तरी डेटा एन्क्रिप्ट होऊनच लिहिलेला असतो, किल्ली गेली तर प्लॅटर कितीही चकचकीत असू दे, उपयोग नाही.

तीन, एसएमआर. यात ट्रॅक कौलांसारखे एकावर एक थोडे चढवलेले असतात, म्हणून मधलाच एक सेक्टर बदलता येत नाही, डिस्क नवीन डेटा आधी बाजूच्या कॅशमध्ये ठेवते आणि मग सवडीने जागेवर नेते. कुठला डेटा सध्या कुठे आहे याचा हिशोब ठेवणारा दुसरा ट्रान्सलेटर असतो आणि तो सतत बदलत राहतो. वेस्टर्न डिजिटलच्या अशा डिस्कमध्ये तो गेला की डिस्क चालू दिसते पण सेक्टर सगळे शून्य देतात. हे शून्य बघून रिकव्हरी सॉफ्टवेअर म्हणतं डिस्क रिकामी आहे, आणि लोक फॉरमॅट मारतात. यातल्या काही डिस्कमध्ये एसएसडीसारखं ट्रिम (पुसलेल्या डेटाची जागा रिकामी आहे असं डिस्कला कळवणारी कमांड) पण असतं, तिथे क्विक फॉरमॅट सुद्धा घातक.

फर्मवेअर नीट झालं, आता डिस्क परत वापरू ना?

नाही. हे मी हात जोडून सांगतो. आम्ही डिस्कला डेटा देण्यापुरती उभी करतो.

एसएसडीला पण असंच होतं का?

होतं. २०११ मध्ये इंटेलच्या ३२० सिरीजच्या एसएसडी लाइट जाऊन आल्यावर ८ एमबी साइझ दाखवायला लागल्या होत्या. आणि २०१९ मध्ये एचपीई या सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीने जाहीर केलं की त्यांच्या काही सर्व्हरच्या एसएसडी बरोबर ३२,७६८ तास चालल्या की बंद पडतील, फर्मवेअर अपडेट केलं नाही तर डेटासकट. एका सर्व्हरमध्ये सगळ्या एकाच दिवशी बसवलेल्या असतात, म्हणजे रेड (एक डिस्क गेली तरी डेटा वाचावा म्हणून अनेक डिस्क एकत्र लावायची सोय) असूनही सगळ्या एकदम जाणार. सर्व्हर सांभाळत असाल तर कंपनीच्या फर्मवेअर नोटिसा वाचत जा, आणि अपडेट टाकण्याआधी बॅकअप घ्या.

फर्मवेअरमध्ये व्हायरस शिरला असेल का?

शक्य आहे हे सिद्ध झालंय, २०१५ मध्ये कॅस्परस्की या अँटीव्हायरस कंपनीने इक्वेशन ग्रुप नावाच्या हॅकर गटाबद्दल सांगितलं तेव्हा त्यात बऱ्याच कंपन्यांच्या डिस्कचं फर्मवेअर बदलणारा भाग सापडला होता. पण ते मोठ्या हेरगिरीचं काम, तुमची डिस्क त्याने गेलेली नाही.

किती दिवस लागतात, किती खर्च?

बघितल्याशिवाय आकडा सांगत नाही. फर्मवेअरचं काम एका तासात पण होतं आणि आठवडा पण जातो. वेळ खरा कॉपीला लागतो, २ टीबी भरलेली डिस्क १०० एमबीच्या स्पीडने साडेपाच तासांत निघते, तीच ५ एमबीने साडेचार दिवसांच्या वर, तेही मध्ये अडकली नाही तर. हेड बदलायला लागले तर डोनर डिस्कचे पैसे वेगळे.

डिस्क आणताना काय करू?

काय काय करून झालंय ते सगळं खरं सांगा. पडली असेल तर पडली म्हणून सांगा, कोणी उघडली असेल, कमांड मारली असेल तर कुठली, फोनमध्ये व्हिडिओ असेल तर तोच दाखवा, मी रागावत नाही, उलट माझे दोन दिवस वाचतात. आधी कोणाकडे नेली असेल तर त्यांच्याकडून रॉम आणि मॉड्यूलची कॉपी मागून घ्या. सगळ्यात हवे असलेले फोल्डर कागदावर लिहून आणा, म्हणजे कमजोर डिस्कमधून ते आधी काढता येतात. कुरिअरने पाठवत असाल तर अँटीस्टॅटिक पिशवी, वर दोन्ही बाजूंनी जाड फोम, पुठ्ठ्याचा बॉक्स, आणि बदललेला जुना पीसीबी असेल तर तो, जळालेला असला तरी, सोबत टाका.